वजन हिरव्या पट्ट्यात, उंची मागे: एका अडीच वर्षांच्या मुलीचं प्रकरण

हे प्रकरण पिंपरी-चिंचवडच्या कडेला असलेल्या एका वस्तीतलं आहे. कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि मुलीला इथे छकुली म्हटलं आहे. अंगणवाडी सेविका, मुख्य सेविका, महानगरपालिकेच्या दवाखान्यातल्या बालरोगतज्ज्ञ आणि वस्तीत पोषणाचं काम करणारे आम्ही दोघं-तिघं, एवढे लोक यात होते. कुपोषित मूल म्हटलं की बरगड्या दिसणारं, मोठ्या डोळ्यांचं लेकरू नजरेसमोर येतं. छकुली तशी अजिबात नव्हती, म्हणून तिचं प्रकरण सविस्तर मांडत आहे.

पार्श्वभूमी

कुटुंब मूळचं जालना जिल्ह्यातलं. कोरडवाहू जमीन, तीही भावांत वाटलेली. सात-आठ वर्षांपूर्वी नवरा-बायको कामासाठी इकडे आले. वडील बांधकामावर फरशी बसवतात. आई सकाळी सात ते दुपारी दोन चार घरची धुणीभांडी करते आणि संध्याकाळी दोन घरी पोळ्या लाटते. सहा वर्षांचा मुलगा, अडीच वर्षांची छकुली आणि गावाहून आलेली आजी अशी पाच माणसं दहा बाय बाराच्या पत्र्याच्या खोलीत राहतात. दारासमोरून उघडं गटार वाहतं आणि पाणी दिवसाआड तासभर येतं. मुलांना मोकळं सोडावं अशी जागा नाही. रस्त्यावर टेम्पो आणि भटकी कुत्री असल्याने आजी छकुलीला शक्यतो उंबऱ्याच्या आतच ठेवते.

आई एकोणीस वर्षांची असताना पहिलं बाळंतपण झालं, तेविसाव्या वर्षी दुसरं. छकुली पूर्ण दिवसांची, पण जन्माचं वजन २.३ किलो. अडीच किलोच्या आत म्हणजे कमी वजनाचं बाळ. तिसऱ्या महिन्यात आई कामावर परतली आणि बाटली सुरू झाली, दुधात निम्मं पाणी घालून. पहिल्या वर्षात जुलाबाचे चार मोठे आजार माता-बाल संरक्षण कार्डावर नोंदलेले आहेत. वर्षाची झाली तेव्हा वजन ७.४ किलो होतं. अंगणवाडीने तेव्हा तिच्याकडे नीट लक्ष दिलं होतं. घरी भेटी झाल्या, 'वजन वाढवा' असं पुन्हा पुन्हा सांगितलं गेलं.

आणि वजन वाढलं. दीड वर्षाची असताना ९.६, दोन वर्षांची ११.६, अडीच वर्षांची १३.४ किलो. अडीच वर्षांच्या मुलींचं मध्यक वजन (निम्म्या मुली त्याहून हलक्या, निम्म्या जड) १२.७ किलो आहे. वृद्धी तक्त्यावरची रेघ खालून चढत हिरव्या, म्हणजे वयाच्या मानाने सर्वसाधारण वजनाच्या पट्ट्याच्या मध्यावर येऊन पोहोचली. सेविकेच्या दृष्टीने ही यशाची गोष्ट होती, आणि त्या तक्त्यापुरतं पाहिलं तर तिचं काही चुकत नव्हतं.

समस्या कशी पुढे आली

वस्तीतल्या दोन अंगणवाड्यांना उंची मोजण्याची नवी उपकरणं मिळाली तेव्हा आम्ही सेविकांबरोबर सगळ्या मुलांची मोजणी नव्याने केली. दोन वर्षांपुढचं मूल उभं करून मोजायचं. चप्पल काढायची, डोक्यावरचा चिमटा किंवा वेणी सोडायची, टाचा आणि पाठ फळीला टेकवायची, एकीने गुडघे धरायचे आणि दुसरीने डोकं सरळ ठेवायचं. दोनदा मोजून सरासरी घ्यायची.

छकुलीची उंची ८२.० सेंटिमीटर भरली. अंगणवाडीच्या नोंदींच्या ॲपमध्ये सहा महिन्यांपूर्वीची नोंद ८५ होती. मूल काही आखडत नाही, तेव्हा जुनी नोंद अंदाजाने भरलेली असणार. जुनी फळी भिंतीवरून निखळलेली आणि महिनाअखेर नोंद पूर्ण करायचीच, अशा कात्रीत सेविका सापडतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मानकांनुसार अडीच वर्षांच्या मुलीची मध्यक उंची ९०.७ सेंटिमीटर असते. ८३.६ च्या खाली गेली की वाढ खुंटली असं धरतात. म्हणजे छकुली खुजी होती. आता दुसरं माप. ८२ सेंटिमीटर उंचीच्या मुलीचं वजन साधारण पावणेतेरा किलोच्या वर गेलं की उंचीच्या मानाने ते जास्त ठरतं. छकुली १३.४ किलो. म्हणजे ती अतिवजनाचीही होती. वयाप्रमाणे वजन बघितलं तर मूल उत्तम. उंची मोजली की त्याच मुलात दोन्ही टोकांचं कुपोषण. अतिरिक्त वजनाने खुंटलेली उंची झाकली गेली होती आणि दोन्ही मिळून 'सर्वसाधारण' हा शेरा तयार झाला होता.

दवाखान्यात हिमोग्लोबिन ८.९ निघालं. या वयात ११ च्या खाली म्हणजे रक्तक्षय. तिसरी कमतरता ही, आणि तीही बाहेरून न दिसणारी. मग आईचीही मापं घेतली. उंची १४९ सेंटिमीटर, वजन ६६ किलो, म्हणजे शरीरवस्तुमान निर्देशांक (बीएमआय) लठ्ठपणाच्या ३० या रेषेच्या अगदी जवळ, आणि हिमोग्लोबिन ९.६. दिवसभर उभ्याने राबणारी ही बाई सकाळी चहा-खारी खाते, मग कामाच्या घरी उरलेलं मिळालं तर ते, आणि रात्री भात.

आजीला आकडे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "लेकरू गुटगुटीत हाय की ताई. कुपोषण कशाचं? माझ्या नंदेचं नातू बघा, काडी झालंय." त्यांचं म्हणणं बिनबुडाचं नव्हतं. त्यांनी दुष्काळ पाहिलेला आहे. मूल अंगाने भरलेलं दिसणं हाच त्यांच्या लेखी सांभाळाचा पुरावा होता, आणि दीड वर्ष सरकारी यंत्रणाही त्यांना तेच सांगत आली होती.

ही एकटीची गोष्ट नाही

युनिसेफ, जागतिक आरोग्य संघटना आणि जागतिक बँक यांच्या संयुक्त अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात पाच वर्षांखालची १४.८ कोटी मुलं खुजी, ४.५ कोटी लुकडी (उंचीच्या मानाने वजन फार कमी) आणि ३.७ कोटी अतिवजनाची होती. महाराष्ट्रात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) ३५.२ टक्के मुलं खुजी आढळली, तर अतिवजनाची ४.१ टक्के. आधीच्या फेरीत अतिवजनाचं प्रमाण १.९ टक्के होतं. अजून लहान आकडा आहे, पण दुपटीहून वाढलेला. हे आकडे वेगवेगळ्या ओळींत छापले जातात. छकुलीसारखं मूल दोन्ही ओळींत मोजलं जातं आणि ते एकच मूल आहे हे तक्त्यावरून कळत नाही.

याच्या मुळाशी काय असू शकतं, याचा एक महत्त्वाचा धागा पुण्यातूनच मिळाला आहे. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीन किलोची. आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव लहान होते, कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. अशा बाळाला पुढे नुसती ऊर्जा मिळत गेली, प्रथिनं-लोह-जस्त मिळालं नाही आणि जुलाबांनी आतडं सतत आजारी राहिलं, तर हाड लांब होत नाही, चरबी मात्र साठते. छकुलीच्या कार्डावर हे सगळे टप्पे एकामागोमाग एक दिसतात.

ताटात काय होतं

आम्ही आजींजवळ बसून आदल्या दिवसाचं खाणं विचारलं, आणि आठवड्यात तीन वेगवेगळ्या दिवशी विचारलं. चित्र जवळजवळ तेच. सकाळी चहात बुडवून दोन टोस्ट. नऊ-दहाला बिस्किटांचा पुडा. दुपारी भात आणि वरणावरचं पाणी. झोपेतून उठल्यावर पाच रुपयांचं कुरकुरीत पाकीट. संध्याकाळी पुन्हा चहा-बिस्किट, रात्री दुधात कुस्करलेली पोळी, आणि झोपताना साखर घातलेल्या दुधाची बाटली. तीन दिवसांत अंडं नव्हतं, पालेभाजी नव्हती, फळ म्हणून एक केळं. डाळ होती, पण तिचा गाळ मोठ्यांच्या ताटात जात होता.

या वयाच्या मुलाला दिवसाला साधारण १,००० कॅलरी लागतात. बिस्किटांच्या १०० ग्रॅममध्ये ४५० ते ५०० कॅलरी असतात. पुडा, टोस्ट, पाकीट आणि बाटली मिळून पोटातली बहुतेक जागा भरून जात होती आणि जेवणाच्या वेळी भूकच उरत नव्हती. त्यात चहा. चहातल्या टॅनिनमुळे जेवणातलं लोह नीट शोषलं जात नाही.

आजी हे लाडापोटी करत नव्हत्या, हे इथे स्पष्ट लिहायला हवं. गुडघे दुखणारी बाई सात तास एका खोलीत दोन मुलं सांभाळते. पाकीट दिलं की रडणं थांबतं, भांडी घासायला अर्धा तास मिळतो. शिळं होत नाही, गॅस लागत नाही आणि दुकान चार पावलांवर. अंगणवाडीतून मिळणारं गोड मिश्रण मुलीला आवडत नसल्याने पडून होतं. गावाकडे ज्वारी घरची होती, शेवग्याचं झाड दारात होतं. इथे रेशनवर गहू-तांदूळ मिळतो आणि बाकीचं विकत.

कोणते पर्याय समोर होते

पहिला पर्याय काहीच न करण्याचा. वजन हिरव्या पट्ट्यात आहे, केंद्रात खरोखर तीव्र लुकडी असलेली दोन मुलं आहेत, वेळ त्यांना द्यावा. मुख्य सेविकेने हा मुद्दा मांडला तेव्हा तो टाळण्यासारखा नव्हता. त्या दोन मुलांचा जीव खरंच धोक्यात होता. शेवटी ठरलं की त्यांची भेट आठवड्याला, छकुलीची पंधरवड्याला.

दुसरा पर्याय सवयीचा होता: खुजी आहे ना, मग जादा आहार सुरू करा. तीव्र कुपोषित, म्हणजे लुकड्या मुलांसाठी अन्न सुरक्षा कायद्यानुसार ५०० ऐवजी ८०० कॅलरींचा आहार मिळतो. छकुलीचं नाव त्या यादीत घालावं, कुटुंबाला तेवढाच आधार, असं एका सेविकेला वाटलं. आमचा याला ठाम विरोध होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात की निव्वळ खुजेपणावर उपाय म्हणून पूरक आहार देऊ नये. उंची तेवढ्याने वाढत नाही, वजन मात्र वाढतं.

तिसरा पर्याय उलट टोकाचा. एका खासगी दवाखान्यात आईला सांगितलं गेलं होतं की मुलगी जाड आहे, दूध-तूप बंद करा, टॉनिक द्या. खुंटलेल्या, रक्तक्षय असलेल्या मुलाचं खाणं तोडणं आम्हाला धोक्याचं वाटलं. दूध हा तिच्या ताटातला प्रथिनांचा एकमेव बरा स्रोत होता. बंद करायची होती ती बाटली आणि साखर.

चौथा मार्ग असा की ऊर्जा साधारण तेवढीच ठेवायची, पण ती कशातून येते ते बदलायचं. वजन घटवायचं नाही, थोडं थोपवून धरायचं आणि उंचीला वाढू द्यायचं. हाच निवडला.

त्याआधी बालरोगतज्ज्ञांनी एक पायरी घालायला लावली आणि ती या प्रकरणातली फार महत्त्वाची होती. निव्वळ जास्त खाण्याने जाड झालेलं मूल सहसा वयाच्या मानाने उंच असतं. बुटकं आणि जाड मूल समोर आलं की आधी थायरॉइड तपासायचं. उपचाराने सुधारणारा आजार आहारसल्ल्याखाली दबून जाता कामा नये. तपासणी सर्वसाधारण आली. विकासाचे टप्पे पाहिले. शब्द थोडे कमी होते, बाकी ठीक.

काय केलं

सुरुवात पैशांच्या हिशोबापासून केली, कारण आईचा पहिला प्रश्न तोच होता: "ताई, अंडी-फळं आम्हाला कुठून परवडायची?" दुकानातल्या उधारीच्या वहीतून पाकिटं-पुडे मोजले. दोन्ही मुलांचे मिळून दिवसाला वीस रुपये, महिन्याला सहाशे. सात रुपयांचं एक अंडं रोज, तर दोन मुलांचे महिन्याला चारशे वीस. उरलेल्या पैशात शेंगदाणे आणि गूळ. आईने वही दोनदा उलटून पाहिली. त्या दिवसापासून दुकानदाराला सांगून ठेवलं की मुलांना उधारीवर पाकीट द्यायचं नाही. हा निर्णय आईचा होता, आम्ही सुचवलेलाही नव्हता.

मात्र दिवसभर मूल आजीच्या हाती, तेव्हा खरी बोलणी आजींशी. 'हे देऊ नका' अशी यादी त्यांना द्यायची नाही असं आम्ही आधीच ठरवलं होतं. त्यांच्या मुलांना त्या लहानपणी काय भरवायच्या ते विचारलं. मुगाचं कढण, भाकरी कुस्करून त्यावर घट्ट वरण, शेंगदाण्याच्या कुटाचा लाडू, शेवग्याच्या पाल्याची भाजी, हे सगळं त्यांनीच सांगितलं. त्यातलं इथे काय जमेल ते मग त्यांनीच निवडलं. आख्खे शेंगदाणे किंवा फुटाणे घशात अडकण्याची भीती असते, म्हणून कूट करूनच. वरणाचा खालचा गाळ आधी मुलांना. अंगणवाडीच्या मिश्रणात कणीक आणि कांदा घालून सेविकेने धिरडी करून दाखवली, ती छकुलीने खाल्ली.

चहा एकदम सुटणार नव्हता. आधी जेवणापासून तासभर लांब नेला, मग वाटीतला कमी केला. बाटली सोडवणं सगळ्यांत अवघड गेलं, शेजारीपाजारी रात्रीच्या रडण्याबद्दल बोलू लागले. ते आठ-दहा दिवस आईने फार नेटाने काढले.

दवाखान्यातून रक्तक्षयाच्या उपचाराच्या मात्रेत लोहाचं औषध सुरू झालं, जंताची गोळी दिली, पाणी उकळून की क्लोरीनचे थेंब घालून यावर बोलून थेंबांवर एकमत झालं. आणि रोज सकाळी दोन तास छकुलीला अंगणवाडीत सोडायचं ठरलं. वयाच्या तीन वर्षांआधी पूर्ण वेळ घेता येत नाही, पण सेविकेने जबाबदारी घेतली. मुलीला पळायला जागा मिळाली आणि आजींना दोन तास मोकळे. माझ्या मते या दोन तासांनी सगळ्या सल्ल्यांपेक्षा जास्त काम केलं, कारण सकाळचा पुडा त्यामुळेच सुटला.

परिणाम

पहिल्या तीन महिन्यांत वजन जवळजवळ स्थिर राहिलं. आजी अस्वस्थ झाल्या, पाकीट पुन्हा एक-दोनदा घरात आलं. पावसाळ्यात जुलाब झाले आणि पाऊण किलो उतरलं. तेव्हा 'पहा, तुमच्या सांगण्याने लेकरू वाळलं' हा सूर घरात उमटला. सेविका त्या आठवड्यात तीनदा घरी गेली, ओआरएस आणि झिंक दिलं, आजारानंतर एक जेवण जादा द्यायला सांगितलं. तिची त्या वस्तीतली पंधरा वर्षांची ऊठबस कामी आली, आमचं ऐकलं गेलं नसतं.

वर्षभराने, साडेतीन वर्षांच्या वयात, उंची ९०.० सेंटिमीटर भरली आणि वजन १४.३ किलो. वर्षात आठ सेंटिमीटर. या वयात अपेक्षित वाढ साधारण तेवढीच असते, म्हणजे मागे पडणं थांबलं. उंचीच्या मानाने वजन अतिवजनाच्या रेषेखाली आलं, जोखमीच्या पट्ट्यात मात्र अजून आहे. हिमोग्लोबिन १०.८. ती आजही खुजीच आहे. या वयासाठी खुजेपणाची जी ९०.९ ची रेषा, ती तिने गाठलेली नाही. पहिल्या हजार दिवसांत, म्हणजे गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंत, जे गमावलं त्यातलं बरंचसं आता परत येणार नाही, हे आईला आम्ही स्पष्ट सांगितलं. थोरल्या भावाची मापं घेतली तर त्याचं वजनही वाढत्या बाजूला निघालं, पण ताट बदललं ते दोघांचं.

आईचं वजन बदललेलं नाही. हिमोग्लोबिन थोडं सुधारलं. सहा घरांची कामं करून ती स्वतःसाठी वेगळं काही शिजवेल ही अपेक्षा आम्हीच पुढे रेटली नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली संधी वर्षाच्या वयात होती. तेव्हा 'वजन वाढवा' ऐवजी 'घट्ट वरण, अंडं, पालेभाजी' असं सांगितलं गेलं असतं तर घराने कदाचित वेगळा रस्ता धरला असता. वजन वाढवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय दुकानात पाच रुपयांना लटकत असतो, आणि घराने तोच केला.

दुसरी संधी दीड ते दोन वर्षांच्या मध्ये. वजनाची रेघ एवढी भराभर पट्टे ओलांडत वर जाते तेव्हा उंचीची पडताळणी व्हायला हवी. खाली घसरणाऱ्या रेघेसाठी सेविकांना प्रशिक्षण असतं, झपाट्याने चढणाऱ्या रेघेला मात्र शाबासकी मिळते. वस्तीतल्या सुदृढ बालक स्पर्धांतही वजनावरच नंबर लागतात. आता या दोन केंद्रांत आम्ही दर तिमाहीला उंची दोघींनी मिळून मोजायची असं ठरवलं आहे, आणि मागच्या नोंदीपेक्षा कमी उंची आली तर ती मोजणी लगेच पुन्हा करायची.

तिसरी गोष्ट सर्वांत आधीची. कमी वजनाच्या बाळाची आई तिसऱ्या महिन्यात कामावर गेली तेव्हाच बाटली आणि पातळ दूध आलं. घरकामगार बाईला पगारी रजा नाही आणि वस्तीत पाळणाघर नाही. त्या वेळी कितीही समुपदेशन केलं असतं तरी तिला परवडलं नसतं. म्हणून पुढच्या वर्षी अंगणवाडीला जोडून पाळणाघर सुरू करण्याचा प्रस्ताव प्रकल्प कार्यालयात दिला आहे. त्यासाठी सहा महिने ते तीन वर्षांची, आई कामावर जाते अशी एकवीस मुलं सेविकांनी वस्तीत मोजली आहेत. जागा अजून मिळालेली नाही.